साइटवरची मेंढरं

ही साइट मला बंद करायची आहे. घरात हे मी इतक्यांदा बोललोय की बायको आता मान वर न करता "करा की" म्हणते आणि भाजी निवडत राहते. साइट म्हणजे अ‍ॅनिमे, सुपरहीरो, कॉमिक्स, व्हिडिओ गेम असल्या खुळांवर मराठीत लिहिणारी, चाहत्यांनी चाहत्यांसाठी चालवलेली जागा. सुरुवातीला चाहते म्हणजे आम्ही तिघंच होतो, इंजिनिअरिंगला एका बाकावर बसणारे.

तेव्हा आम्ही भयंकर गंभीर होतो. एखाद्या जपानी कार्टूनवर लिहायचं तर 'कथानकातील नैतिक द्वंद्व' असला मथळा द्यायचो. वाचत कुणी नव्हतं. मग आम्हीच खोट्या नावांनी एकमेकांच्या लेखाखाली कमेंटी टाकायचो आणि त्या कमेंटींवरून कँटीनमध्ये खरंखुरं भांडायचो.

साइट चालायला लागली ती आप्पांमुळे. आप्पा माझे धाकटे चुलते. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नाही, वेरूळच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी मेंढरं राखायचे. रविवारी मी गावी गेलो की त्यांच्यासोबत माळावर बसायचो, आणि बोलायला काही उरलं नाही की आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सांगायचो. एकदा आभाळातून उडणाऱ्या, सगळं शहर वाचवणाऱ्या हीरोची गोष्ट रंगवून सांगितली. आप्पांनी मध्येच कळप सोडून चाललेल्या मेंढीला हाळी दिली, गोष्ट शेवटापर्यंत ऐकली आणि म्हणाले, "समदं खरं. पर ह्यो गडी दिसभर उडत फिरतो, मंग ह्याच्या जित्राबाला पाणी कोण पाजतं?"

ते मी जसंच्या तसं साइटवर टाकलं. पुढच्या आठवड्यात लोक विचारायला लागले, आप्पा काय म्हणाले? म्हणून दर रविवारी एक गोष्ट सांगायची आणि आप्पांचं बोलणं टिपून आणायचं, असा रिवाज पडला. डोंगराएवढ्या यंत्रमानवांच्या मारामारीवर त्यांचा एकच सवाल होता, "आन् पायाखालच्या उभ्या पिकाची भरपाई?" नांदेडहून, पुण्याहून, दुबईहून मेल यायला लागले. कुणी आप्पांचं चित्र काढलं: खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोळ्यांवर हीरोचा मुखवटा आणि मागं मेंढरं. साइटवर चर्चेचा कट्टा सुरू झाला, शेवट फोडणाऱ्याला हाकलून देण्याचे नियम आले, फुकट राबणारी पोरं आली. शहरातल्या निराला बाजारात वाचकांचा मेळावा भरवला तर परदेशी हीरोंच्या घोळक्यात एक मुलगी आप्पा होऊन आली होती, भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून. मला त्या दिवशी काय आनंद झाला होता!

एक नियम मात्र आप्पांचा होता. साइटवर टाकण्याआधी लेख त्यांना वाचून दाखवायचा. ऐकून ते "व्हय, टाक" म्हणायचे, मगच तो चढायचा. लेखाच्या खाली आम्ही तसं लिहायचोही: 'आप्पांना वाचून दाखवलं आहे.' वाचकांना ती ओळ नसली तर चुकल्यासारखं व्हायचं.

पुढं दोघं मित्र पांगले. एक जर्मनीत आहे, दुसरा पुण्यात, आणि दोघंही "साइट बंद करू नकोस हं" एवढं मात्र न चुकता कळवतात. तुमचं काय जातंय! आठवडाभर मी चितेगावच्या कारखान्यात क्वालिटीला असतो, दिवसभर दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढतो. सुटीच्या दिवशी साइट मानेवर बसते. कधी काळी ज्या सिनेमांसाठी मी कॉलेज बुडवलं, ते आता जबरदस्तीनं बघतो. समोर पडद्यावर काय चाललंय ते दिसतच नाही, यावर आप्पा काय म्हणतील एवढंच डोक्यात चालू असतं. माझ्या आवडीचा असा पार चोथा झालाय.

आणि आप्पा आता काही म्हणत नाहीत. चराईच्या माळावर प्लॉटिंगचे दगड आले, त्यात त्यांचे गुडघे गेले. आम्ही घरच्यांनी मिळून ठरवलं आणि मेंढरं विकली. टेम्पो भरला तेव्हा आप्पा बाहेर आले नाहीत, आत पाठ करून बसले. मग मी त्यांना पडेगावला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. गॅलरीला ग्रिल आहे, तिथं खुर्ची टाकून ते दौलताबादकडं जाणारा रस्ता बघत बसतात. मी अजूनही गोष्ट सांगतो. ती संपली की ते म्हणतात, "बरंय." पुढं काही नाही.

वाचक थांबायला तयार नव्हते, म्हणून आप्पांचं बोलणं मी मनानं रचायला लागलो. पहिला रचलेला लेख त्यांना भीतभीतच वाचून दाखवला. त्यात आप्पा माळावर एका लंगड्या मेंढीचा पाय बांधत बांधत काळात मागं जाणाऱ्या यंत्राची खिल्ली उडवतात. ऐकताना आप्पा कितीतरी दिवसांनी हसले.

"ह्यो गडी लई बरा हाय," म्हणाले. "मेंढरं हायेत ह्याच्यापाशी अजून. व्हय, टाक."

तेव्हापासून ते हीरोची चौकशी करत नाहीत. मी कामावरून येऊन बूट काढत असतो आणि गॅलरीतून आवाज येतो, "लंगडी कशी हाय रं?" मग मला लंगडी लिहावी लागते. कळप कुठं बसवला, पाण्याला कुठं नेला, सगळं लिहावं लागतं. सुपरहीरोंच्या साइटवर हल्ली निम्मा मजकूर मेंढरांचा असतो. लोकांना तेही आवडतं, हे माझं नशीब!

गेल्या महिन्यात मात्र मी हिय्या केला. निरोपाचा लेख लिहिला. फार गळा न काढता, आप्पा थकले, मीही थकलो, आजवर वाचलंत त्याबद्दल आभार, इतकंच. रविवारी दुपारी गॅलरीत बसून तो आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी ग्रिलला धरून ऐकला. मी "व्हय, टाक"ची वाट बघत होतो.

"आन् मेंढरं?" आप्पांनी विचारलं.

"कोणती मेंढरं, आप्पा?"

"ह्या गड्याची. त्यो थांबला म्हंतोस, मंग मेंढरं कुणापाशी सोडली? ते लिव्हलं नाय तू."

या माणसाला सांगायचं काय, की ती मेंढरं नव्हतीच? राग आला, त्यांचा नाही, माझाच, आणि त्या रागातच डोळे भरून आले. आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. रस्त्याकडं बघतच म्हणाले, "इकली म्हणून लिव्हू नगं, बाबा. एकदा इकली तेवढं पुरं झालं."

आतून बायको चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. तिनं सगळं ऐकलं होतं. या वेळी ती "करा की" म्हणाली नाही.

मी निरोपाचा लेख पुसला. पान कोरं झालं. मांडीवर लॅपटॉप तसाच होता.

"सांगा आप्पा," मी म्हणालो, "आज कळप कुठं बसवायचा?"