भावोजींचा पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच नाही. आणि आमच्या घरात मी न सांगितलेली गोष्ट सापडणं हेच मुळात नवल, कारण गोष्टी सांगणं हे माझं एकमेव कर्तृत्व. हळद असो, बारसं असो, जेवणं आटोपली की पोरांपैकी कुणीतरी म्हणणारच, "मामा, ती पिकअपची सांगा ना!"

मग मी सांगतो. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. माझी पिकअप तेच चालवायचे. एकदा कापडाचे तागे भरून काल्हेरला निघाले आणि वाटेत कुणाच्या तरी हळदीची बांबूची कमान अंगावर घेतली. नवरदेवाचा फोटोवाला बॅनर थेट समोरच्या काचेवर. "नवरदेव कपाळाला बांधून आले आमचे भावोजी!" — इथे हशा. रस्त्याकडेच्या म्हातारीच्या मेथीच्या जुड्या टायरखाली. "डांबरावर मेथीची भाजी!" — इथे दुसरा हशा. भावोजी स्वतःही हसतात. आठ वर्षं हसतायत.

गोष्ट मी फार छान सांगतो. ती खोटी आहे. म्हणजे — कमान खरी, बॅनर खरा, मेथीही खरी. खोटं काय, तेच सांगायला बसलोय आणि बघा, अजून मेथीतच अडकलोय.

गाडीपासून सुरुवात करतो. माल भरला की आमची पिकअप मागून बसायची, टायर पत्र्याला घासायचा. भावोजी महिनाभर मागे लागले होते, "अरे, हिला मागं एक-दोन पाटे वाढव." पाटे म्हणजे चाकांवरच्या त्या पोलादी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या; गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. एका रविवारी मी गाडी नारपोलीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं पाटे घातले आणि गाडी मागून जी उठली! आमच्याकडे मागून उचललेली गाडी म्हणजे मिशीला दिलेला पीळ. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं, फोटो काढला. माझं स्वतःचं पोट तेव्हा पुढून उठायला लागलं होतं. गाडी निदान योग्य बाजूनं उठली, याचं समाधान.

मिस्त्री मात्र हात पुसत म्हणाला, "अभी आधा हुआ है, सेठ."

मागची बाजू उचलली तर पुढचीही त्या मानानं उचलावी लागते. नाहीतर ब्रेक मारला की सगळा भार नाकावर. आणि त्याहून महत्त्वाचं — मला खाली वाकायला लावून त्यानं दाखवलं — मागच्या ब्रेकशी जोडलेली एक बारीक दांडी असते. मालानं गाडी जेवढी दबेल तेवढी ती दांडी सरकते, आणि मागचा ब्रेक तेवढा जोरात लागतो. आता नव्या पाट्यांमुळे गाडी पूर्वीसारखी दबणारच नाही. "गाडी समझेगी खाली है," तो म्हणाला. खाली म्हणजे रिकामी. "माल पूरा, और पीछे का ब्रेक आधा." संध्याकाळपर्यंत ठेवा, पुढची उंची आणि ही दांडी, दोन्ही जमवून देतो.

संध्याकाळपर्यंत? मला वज्रेश्वरीच्या पुढच्या गावात मटणाचं जेवण होतं. आणि खरं सांगायचं तर मटणाआधी गाडी चार लोकांना दाखवायची होती. दोन दिवसांत आणतो, म्हणालो.

"तब तक माल मत भरना. ड्रायवर को बोल देना."

"बोलतो ना."

सोमवारी सकाळी भावोजी किल्ली न्यायला आले. मी ब्रश करत होतो. किल्ली खुंटीवरून काढून मीच त्यांच्या हातात ठेवली. गाडीकडे बघून ते खूश झाले. "मस्त उठवलीस रं! आता दाबून भरतो."

मी मान डोलावली. तोंडात फेस होता — हे कारण मी स्वतःला कितीतरी वर्षं पुरवलं. पण फेस थुंकायला वेळ तो किती लागतो? विसरलो होतो म्हणावं, तर तेही नाही. चांगलं आठवत होतं. वाटलं, एका खेपेनं काय होतंय? आणि — हे जास्त खरं — सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग अर्धवट काम करून आणलीस कशाला? आमच्यात मेहुण्यानं भावोजींची टर उडवायची असते. ती उलटी फिरलेली मला नको होती.

काल्हेरच्या अलीकडे पुढचा ट्रक एकदम थांबला. भावोजींनी ब्रेक मारला. गाडीनं नाक खाली घातलं, पण थांबेना. त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि गाडी त्या कमानीत घुसली. एक बांबू खिडकीतून आत आला, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. मेथीवाली म्हातारी चाकापासून दोन हातांवर होती. तिला काही झालं नाही. तिचा चेहरा मी माझ्या गोष्टीत कधीच घेत नाही.

हाड जुळलं. पण इस्पितळातल्या खाटेवर भावोजी एकच विचारत होते, "पाय तर दाबला व्हता रं मी. येळेवर दाबला व्हता ना?" मलाच विचारत होते, जसा काही मी शेजारी बसलो होतो. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. फक्त एक. आणि मी काय बोललो?

"भावोजी, वय झालं आता तुमचं."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. ताई हसली. थोड्या वेळानं भावोजीही हसले. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती अशी, आणि पहिला हशा मिळाला तो तिथे.

गाडी परत त्याच मिस्त्रीकडे गेली. त्यानं दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ड्रायवर को बोला था ना?" मी म्हणालो, "बोला था." त्यानं मान हलवली — भावोजींच्या नावानं. पुढची उंची, मागची दांडी, सगळं नीट जमवलं. गाडी एकदम सपाट उभी राहिली. पुढे मिस्त्री त्याच्या गावी निघून गेला.

भावोजींनी डोळे तपासून घेतले, साखर तपासली. दोन्ही ठीक. त्यामुळे उलट पंचाईत झाली — दोष द्यायला पायच उरला. त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आता काल्हेरला एका गोदामाच्या गेटवर असतात, दुसऱ्यांच्या गाड्या आत-बाहेर सोडतात. ताई सांगते, टीव्ही बघता बघता मधेच उजवा पाय फरशीवर दाबून बघतात. ती हे हसत सांगते. तिला वाटतं, मी ते गोष्टीत घालीन.

मागच्या महिन्यात मी त्या गोदामावर गेलो होतो. एक पिकअप गेटात आडवी उभी, ड्रायव्हर जेवायला गेलेला, किल्ली गाडीतच. मागे हॉर्नवर हॉर्न. एक हमाल ओरडला, "काका, घ्या की जरा मागं! दहा फूट तर हाय!"

भावोजी स्टुलावरून उठले. दार उघडलं. एक पाय आत ठेवला आणि थांबले. मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"घेऊ का रं? लागंल ना पाय येळेवर?"

हमाल आमच्याकडे बघत होता. हॉर्न वाजत होते. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो आणि तोंडात काही नव्हतं.

"राहू द्या, भावोजी," मी म्हणालो. "मी घेतो."

ते बाजूला झाले. मी आत बसलो आणि गाडी दहा फूट मागे घेतली.