तांबूचा पट्टा

माझी आत्या तापट आहे असं घरात सगळे म्हणतात. साफ खोटं. तापट माणूस कधीतरी निवळतो. आत्या बावीस वर्षं कुत्र्यांच्या निवाऱ्यात पिंजरे धुतेय आणि बावीस वर्षं तिचा पारा चढलेलाच आहे.

त्याच निवाऱ्याची वेबसाइट मी सांभाळते. कुत्र्यांचे फोटो टाकायचे, त्यांना घरी नेणाऱ्यांचे हसरे चेहरे टाकायचे, त्या माणसांना तारे द्यायचे. आत्या दारात बादली आपटून म्हणायची, "माणसांनीच माणसांना तारे द्यायचे होय गं? कुत्र्यांचं इंटरनेट असतं ना, एकेकाचं पितळ उघडं पडलं असतं!"

"काय लिहिलं असतं त्यांनी?"

"पत्ता. आणि खाली, 'इथं जाऊ नका. शिळं घालतात, उन्हात बांधतात.' फिरायला निघाली की खांबाखांबाशी का थांबतात वाटतं तुला? बातम्या वाचतात मेली."

मी हसायचे.

गेल्या मंगळवारी एक गृहस्थ आले. वर्षापूर्वी त्यांनी तांबूला नेलं होतं. आत्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला तांबू. फोटोत त्यांचा बंगला होता, हिरवळ होती. मी पाचपैकी पाच तारे देऊन टाकले होते. "तांबू पळून गेला हो," ते म्हणाले. आता त्यांना आमची काळी कुत्री, शाई, हवी होती. कागद चोख होते. व्यवस्थापकांना पिंजरा रिकामा करून हवा होता. राहिली होती ती आत्याची सही. कुत्रं दाराबाहेर सोडताना ती लागतेच.

"पट्टा त्याचाच आणलाय," गृहस्थ म्हणाले. "उगाच नवा कशाला?"

शाईनं पट्टा हुंगला. मग पुन्हा, नाक टेकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शेपूट पोटाशी घेऊन ती मागे सरली आणि आत्याच्या पायांमागे जाऊन तिथंच मुतली.

"भित्री दिसतेय," व्यवस्थापक हसले.

"भित्री? ही ट्रकच्या अंगावर धावून जाते!" आत्यानं पट्टा हिसकावला, उजेडात धरला. पट्ट्याला मूळची पाच भोकं होती. बकलाच्या बाजूला खिळ्यानं पाडलेली आणखी तीन. त्यातलं शेवटचं वापरून वापरून रुंद झालेलं.

"तांबू इथून गेला तेव्हा दुसरं भोक लागायचं त्याला," आत्या म्हणाली. "ही तीन कुणासाठी पाडलीत? आणि पळून गेला म्हणता, तर जाताना पट्टा काढून खुंटीला लावून गेला का? पळायला अंगात जीव लागतो, साहेब."

"बाई, तोंड सांभाळा!"

"सही मिळणार नाही."

गृहस्थ तक्रारीची धमकी देत निघून गेले. व्यवस्थापक कागद चाळत राहिले. मला वाटलं, आता आत्या त्यांच्यावर तुटून पडेल. ती माझ्याकडे वळली.

"पाच दिले होतेस ना?"

तिनं तो पट्टा फाटकाजवळच्या खांबाला बांधला. रोज सकाळी कुत्री बाहेर निघाली की तिथं थांबतात, एकेक करून हुंगतात, ओढलं तरी हलत नाहीत. मी ते तारे त्याच दिवशी पुसून टाकले. पण खिडकीतून ते बघताना माझा स्वतःवरचा राग काही केल्या जात नाही. त्या बंगल्याचे फोटो मी चार वेळा बघितले होते. तांबूला बघायला एकदाही गेले नव्हते.