न विरजणारं दूध

आईने गाडगं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाकडं करून बघ."

मी वाकडं केलं. दूध काठाशी आलं. आदल्या संध्याकाळी विरजण लावलेलं, फाल्गुनातली काहिली, वर पत्रे. अशा दिवसांत विरजण न लावताही दूध आंबतं. हे मात्र ठेवलं तसंच होतं. मी वास घेतला. आंबट नाही, नासका नाही. आत्ताच उतरवून ठेवल्यासारखा.

"विरजण कमी पडलं असेल," मी म्हणाले.

"वाटीभर घातलंय. शेजारपाजारचं आनून पायलं. आता तर कुनी देत बी न्हाई."

फळीखाली गाडग्यांची ओळ होती. कालचं, परवाचं, त्याआधीचं. ते दूध ओतायचं नाही, असं आईला कोणीतरी सांगितलं होतं. सगळ्यात जुन्या गाडग्यात पिवळसर पाणी सुटलं होतं, बोट लावून चाखलं तर कडू लागलं, पण दही त्याचंही झालं नव्हतं. त्या ओळीकडे पाठ करून चुलीपाशी बसायला मला नको वाटू लागलं. नासण्याची भीती सगळ्यांना ठाऊक असते. नासायला हवं ते नासत नाही, ही भीती मला नवी होती.

आमची वस्ती कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेपासून थोड्या अंतरावर. मी नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि शिमग्याच्या सुट्टीला घरी आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. विषयाचं नाव कोणाच्या तोंडी बसत नसे. कोणी विचारलं तर दादा, म्हणजे माझे वडील, सांगत, "जंतूंचं शिकती." त्यावर एकजण म्हणाला होता, "त्याला नगरला कशाला धाडली? आमच्या डबक्यावर बसवायची की!" दादाही हसले होते, पण घरी आल्यावर मला त्यांनी हळूच विचारलं होतं, "नोकरी लागती ना गं त्याच्यात?"

त्या वर्षी घरात नवी जर्सी गाय होती. पौषात तिची कास सुजून दगडासारखी टणक झाली. आधीच्या म्हशीचे दोन सड असेच गेले होते, त्यामुळे आई फार घाबरली. गुरांच्या डॉक्टरांनी सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा दिल्या आणि कास मऊ होईपर्यंत सोडा म्हणाले. कास मऊ झाली. पण आईचा नेम काही सुटला नाही. संध्याकाळची धार झाली की ती कास कोमट पाण्याने धुवायची, सडात ट्यूब सोडायची आणि गायीच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी काहीबाही बोलायची. ट्यूबा संपल्या की दादा बेलापूरच्या बाजारातून आणत. सुट्टीत हे मी रोज पाहत होते. त्यात मला वावगं असं काही दिसलं नाही.

दूध विरजेना तेव्हा आई देवऋष्याकडे जाऊन आली होती. तो म्हणाला होता, "दूध बांधलंय. बांधनारा हात घरातलाच हाय. दिवेलागन झाल्यावर घरातलं पांढरं कुनाला दिलंत?"

आईला आठवायला वेळ लागला नाही.

मागच्या खोलीत माझी धाकटी काकू राहायची. काका गेल्यापासून एकटी. मूलबाळ नाही, एक शेळी. संक्रांतीनंतर एके दिवशी दिवे लागल्यावर ती वाटी घेऊन आली आणि विरजण मागून घेऊन गेली. आईने दिलंही. आणि आता आमच्याकडे दूध जसंच्या तसं पडून असताना काकूच्या घरी शेळीच्या दुधाचं दही रोज लागत होतं, अगदी कवडीचं.

"आपल्या घरचं दही तिकडं गेलं," आई म्हणाली. "दिसतंय की डोळ्यानं."

आमच्या घराच्या आणि काकूच्या खोलीच्या मधल्या दाराला आतून कडी लागली होती. पाडवा झाला की काकूला तिसगावला तिच्या भावाकडे कायमची धाडायची, असं ठरलं होतं. तिकडे प्यायच्या पाण्याचे हाल, भावाचीच सहा तोंडं. पण आईपुढे दादा काही बोलत नव्हते, आणि मला वाटतं, त्यांनाही आतून भीती वाटत होती.

मी मागून वळसा घालून काकूकडे गेले. मॅट्रिकचा अभ्यास मी तिच्याच खोलीत केला होता. ती जात्यापाशी बसली होती, पण दळत नव्हती.

"हिरीवर गेले की बाया घागरी उचलून लांब सरत्यात," ती म्हणाली. मग तिने अचानक विचारलं, "पोरी, तुझी आई म्हनती ते खरं असल का गं?"

"काहीतरीच काय काकू!"

"तसं न्हाई. कुनाच्या हातात काय असतं ते हातवाल्याला कुटं कळतंय?"

तिने दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. अंधारत आलं होतं. ती हे गमतीने म्हणत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही तिच्या हातांकडे पाहत होते.

नगरला परतताना आईने बाटलीत तापवलेलं दूध दिलं. हॉस्टेलवर मी ते प्यायले नाही. खिडकीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीतली मैत्रीण बाटली हुंगून म्हणाली, "अगं, हे कालचं? तुमच्या गायीला अमर होण्याचा वर मिळालाय की काय!" ती हसली. मला हसू आलं नाही.

त्याच दुपारी प्रॅक्टिकल होतं. काचेच्या बशीतल्या खळीसारख्या थरावर आम्ही आदल्या दिवशी जंतू पसरले होते आणि पेनिसिलीनमध्ये बुडवलेली कागदाची टिकली मध्ये ठेवली होती. बशी उघडली. सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय धरली होती. टिकलीच्या भोवती मात्र गोल, स्वच्छ, रिकामी जागा होती. कोणीतरी तिथून सगळ्यांना उठून जायला सांगितल्यासारखी.

मला विहिरीवरून लांब सरणाऱ्या बाया आठवल्या. आणि मग, का कोण जाणे, फळीखालची गाडगी आठवली.

वर्गात प्रश्न विचारायची मला सवय नव्हती. सगळे गेल्यावर मी सरांपाशी उभी राहिले. "सर, दही लावणारेही जंतूच ना? मग ते दुधात वाढलेच नाहीत तर..."

सरांनी विचारलं, "गाय आजारी होती का?"

एवढंच. मला एकदम संध्याकाळची गोठ्यातली आई दिसली, कास धुऊन ट्यूब सोडणारी. मी ट्यूबांचं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "त्यांत पेनिसिलीनच असतं."

मी हॉस्टेलवरून माझी बाटली आणि तिथलं थोडं दूध आणल्यावर सरांनी दोन टिकल्या केल्या. एक माझ्या बाटलीतल्या दुधात बुडवली, एक हॉस्टेलच्या दुधात, आणि दोन्ही जंतू पसरलेल्या नव्या बशीत ठेवल्या. "दूध तापवलेलं आहे," मी म्हणाले. "उकळून हे औषध फारसं जात नाही," ते म्हणाले. "पण उद्या बघितल्याशिवाय घरी काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या दुधाच्या टिकलीला साय अगदी चिकटून वाढली होती. आमच्या दुधाभोवती रिकामं कडं होतं. आमच्या घरातलं ते सगळं, गाडगी, कडी, काकूचे हात, त्या एवढ्याशा गोलात बसलेलं होतं.

मग मला आणखी काही दिसलं. कड्याच्या आत, टिकलीच्या अगदी जवळ, एकच पांढरा ठिपका. एकटा.

"हा कसा जगला सर? औषधाची सवय करून घेतली त्याने?"

"नाही. औषध यायच्या आधीपासून तो तसाच होता. बाकीचे होते तोवर गर्दीत दिसत नव्हता. आता त्याच्यापासून जे होतील तेही तसेच होतील, पुढचेही तसेच." मग त्यांनी बशी झाकली. "घरी हे दूध कोण पितं?"

"सगळेच."

आमच्या सगळ्यांच्या पोटात तसली रिकामी कडी असतील आणि त्यांत एखादा ठिपका वाट पाहत बसला असेल, असं त्या दिवशी जेवताना राहून राहून वाटत होतं.

पाडव्याच्या आधी मी एस.टी.ने घरी गेले. आई गोठ्यात होती, हातात ट्यूब होती. मी अडखळत सगळं सांगितलं. दह्याचे जंतू या औषधाने मरतात, गाय बरी झाली आहे, ट्यूब थांबवली की दूध मोकळं होईल.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी मी केली करनी?"

"तसं नाही आई..."

"मग कसं? त्यो म्हनला हुता, घरातलाच हात हाय. तू बी त्येच सांगाया लागली. फकस्त हात बदलला." तिचा आवाज चढला नव्हता. "आनि हिची कास पुन्यांदा दगड झाली तर? काचंतला गोल दूध देनार हाय का?"

बशीतलं मी पाहिलं होतं, पण उद्या गाडग्यात काय होईल याची मलाही खात्री नव्हती. दादा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "पोरीला शिकाया घातलीय ना? मग बगू की चार दिस तिचं ऐकून."

ट्यूबा बंद झाल्या. आई रोज कास चाचपायची आणि माझ्याकडे बघायची. कास मऊच राहिली. सर म्हणाले होते, औषध अंगातून जायला तीनचार दिवस लागतील. ते गेले, पाडव्याची गुढी उभी राहिली आणि मग एक वेगळीच अडचण लक्षात आली. लावायला विरजणच नव्हतं. आमचं केव्हाच मेलं होतं. वस्तीवरच्या बायका आता आमच्याही घराला बिचकत होत्या, वाटी दिसली की दार लोटून घेत. विरजण होतं ते एकाच घरी.

मी विरजण मागायला काकूकडे गेले. तिचं बोचकं बांधलेलं होतं, सकाळी भाऊ न्यायला येणार होता.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली. "माज्या इरजनानं नाय लागलं, तर? आजवर संशेव हाय. मग पुरावाच झाला."

"लागेल, काकू."

"तुला खरंच म्हाईत हाय?"

मी खोटं बोलू शकले नाही. "बहुतेक," म्हणाले. तिने मान हलवली आणि दिव्याची वात वर केली.

मी तशीच बसून राहिले. तेवढ्यात मधल्या दाराची कडी वाजली. ते दार इतके दिवस बंद होतं की त्याचा आवाज ऐकून आम्ही दोघी दचकलो. दारात आई उभी होती, हातात रिकामी वाटी. दिवे लागलेले होते, दोन्हीकडचे.

"पांढरं मागाया आले," आई म्हणाली. "दिवेलागनीचीच आले. काय हुयाचं ते माझ्या नावानं हू दे."

काकू उठली. तिने गाडग्यातलं दही वाटीत घातलं. "ह्ये तुमच्याच घरचं, आक्का. तुमी दिल्यालं तेच रोज फुडं चालवतीया."

"सासूबाईंचं," आई म्हणाली. आजीपासून चालत आलेलं, रोज थोडं काढून दुसऱ्या दिवसाच्या दुधात. आमच्या घरात ते मेलं, आणि त्याचंच पोरगं भिंतीपलीकडे जगलं होतं.

सकाळी मी उठले तेव्हा आई गाडग्यासमोर बसलेली होती. तिने अजून हात लावला नव्हता. मला पाहून तिने ते उचललं आणि हळूहळू वाकडं केलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडगं जवळजवळ आडवं झालं होतं आणि आतलं पांढरं जागचं हललं नव्हतं.

काकूचा भाऊ उन्हं चढायच्या आत आला. आईने त्याला भाकरी आणि दही वाढलं. तो जेवला आणि म्हणाला, "बहिनीला न्यायाला आलोय."

"कशाला?" आई म्हणाली. "शेळीला कोन बगल?"

तो दुपारच्या गाडीने एकटाच परत गेला. आईने काकूची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. मधलं दार उघडं राहू लागलं, एवढंच.

पण त्या दिवशी संध्याकाळी दूध तापवून निवलं तेव्हा आईने विरजण लावलं नाही. गाडगं उचलून ती मधल्या दारापाशी गेली आणि काकूसमोर धरलं. "तूच लाव आता. रोज."

"आई, ते औषधामुळे झालं," मी म्हणाले. "हातामुळे नाही."

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलंस तू."

काकूने गाडगं घेतलं. आई दिव्याजवळ आली आणि आपले हात उलटे-सुलटे करून पाहू लागली.