फळीवरचा बासष्ट

सप्टेंबर महिना लागला की व्हर्लिन टॉस्टरुडच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत एक केस सापडायचा नाही. बाणाच्या फाळाला धार नीट लागली का, हे तो स्वतःच्या हातावरचे केस भादरून बघायचा. आणि स्वतःचेच नाही, आमच्या घळीत, म्हणजे डोंगरांमधल्या त्या अरुंद खोऱ्यात, राहणाऱ्या सगळ्यांचे फाळ. हरणांचा हंगाम उघडायच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे आपापले बाण घेऊन त्याच्या शेडमध्ये जमायचो. हातावरचे केस संपले की तो रबरबँड ताणून धरायचा. फाळ नुसता टेकवला की रबर तुटलं पाहिजे. जरा दाबावं लागलं तर बाण परत तुमच्या हातात. "याने लोणी काप," म्हणायचा, "हरणाच्या वाटेला जाऊ नकोस." आमच्या चर्चच्या पाद्र्यालाही त्याने एकदा असंच घरी पाठवलं होतं.

शेडमध्ये ओकची एक फळी होती. तिच्यावर प्रत्येकाने आपल्या हाताने नाव लिहायचं आणि पुढे धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी ओढायला किती पौंड जोर लागतो तो आकडा. त्यावरून व्हर्लिन सांगायचा, तुझा बाण किती जड हवा आणि टोकाला कुठला फाळ. पंचावन्नच्या खालच्यांना एकच हुकूम: जड बाण आणि दोन पात्यांचा अरुंद फाळ. हवेत मिटून जाणारे आणि अंगात शिरताना छत्रीसारखे उघडणारे रुंद फाळ त्यांनी हातातही धरायचे नाहीत. ते उघडण्यातच अर्धा जोर खातात, बाण आरपार जात नाही आणि जनावर तडफडत राहतं. "फळीवर खोटं लिहिलंत तर माझं काही जात नाही," तो दर वर्षी बजावायचा. "भोगायचं ते हरणाला."

त्या फळीवर सगळ्यात वर त्याचंच नाव होतं आणि पुढे बासष्ट. चाळीस वर्षं बासष्टच.

एकाहत्तराव्या वर्षी, फेब्रुवारीत बर्फ उपसताना त्याचा उजवा खांदा कामातून गेला. उन्हाळ्यात धनुष्य हातात घेतलं तर दोरी अर्ध्यावरच अडली. शेडच्या मागे जाऊन, चोरासारखं इकडेतिकडे बघत त्याने धनुष्याच्या स्क्रूला अ‍ॅलन की लावली आणि ताण पंचावन्नवर आणला. मग अठ्ठेचाळीसवर. जुलै संपता संपता एक्केचाळीसवर आला तेव्हा कुठे दोरी गालापर्यंत पोचली. सप्टेंबरातल्या शनिवारी मात्र पेन्सिल हातात आली, वीस जणांच्या नजरा फळीवर लागल्या, आणि या माणसाने पुन्हा बासष्टच गिरवलं. एवढ्यावर निभावलं असतं. पण जावई ड्वेनने खिशातून एक पुडकं काढलं आणि सगळ्यांदेखत सासऱ्याच्या हातात ठेवलं. उघडणारे फाळ होते, नवेकोरे.

"बासष्टवाल्यालाच शोभतात हे," ड्वेन म्हणाला. "बाकीच्यांना तुम्ही हात लावू देणार नाही, मला माहीतंय."

नाही म्हणायला कारण एकच होतं आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "बघू लावून," व्हर्लिन म्हणाला.

ऑक्टोबरच्या शेवटी, सकाळी सात वीसला, त्याच्या मचाणासमोरून शिंगांना आठ टोकं असलेला एक नर गेला. अंतर अठरा पावलं. असा नेम व्हर्लिनने आयुष्यात शेकड्याने साधला होता. बाण सुटला आणि आवाज आला तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. हरीण उडालं, ओढ्याकडे पळालं, आणि बाणाचा अर्ध्याहून जास्त भाग त्याच्या कुशीतून बाहेर हलताना व्हर्लिनला स्पष्ट दिसला. आरपार गेला नव्हता.

अर्ध्या तासाने तो खाली उतरला. पुढे झाडाला घासून निसटलेला बाण पडला होता. रक्त लागलं होतं जेमतेम वीतभर. पानांवर तीन थेंब, काळपट. म्हणजे बाण यकृतात लागला. असं हरीण जवळच कुठेतरी जाऊन बसतं आणि हळूहळू मरतं. मागे गेलात तर उठून मैलभर पळतं आणि कोणालाच सापडत नाही. सहा तास पाऊल टाकायचं नाही, हे त्यानेच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. तो आल्या पावली घरी गेला.

आर्डिस, त्याची बायको, स्वयंपाकघरात चर्चच्या जेवणासाठी बटाट्याच्या पोळ्या लाटत होती. त्याच्याकडे बघून तिने नुसती कॉफी पुढे केली. त्याने ती तशीच खिडकीत ठेवली आणि अंगणात गेला. आकाश बघितलं. परत आला. रेडिओवर चार वाजता पाऊस सांगितला होता, म्हणजे उरलंसुरलं रक्तही धुऊन जाणार. ऊन ऑगस्टसारखं पडलं होतं, म्हणजे मांस टिकणार नाही. ओढ्याकडून कोल्ह्यांची टोळी ओरडली की त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याने ट्रकचं दार उघडलं, आत बसला, उतरला. बूट काढले, पुन्हा घातले.

"व्हर्लिन, तू बस तरी नाहीतर जा तरी," आर्डिस म्हणाली. "जमीन झिजायला लागली माझी."

"जाता येत नाही म्हणून तर."

"मग कॉरीनला फोन कर."

कॉरीन ब्रेकीकडे माग काढणारी कुत्री होती, बुटकी, राठ केसांची. नाव पिकल. बाण मारायला कॉरीनला व्हर्लिननेच शिकवलं होतं. साडेअकराला त्याने फोन लावला. ती नेहमीचं विचारू लागली.

"कुठे लागला?"

"अठरा पावलांवरून, बरगड्यांच्या शेवटी. बाण वीतभरच गेला. रक्त काळपट आहे, पण तीनच थेंब."

"फाळ?"

"उघडणारा."

"तुम्ही? बरं. ताण किती?"

"बासष्ट."

"बासष्टने, अठरा पावलांवरून, वीतभरच गेला?" कॉरीनचा आवाज बदलला. "मग तो यकृतात नाही. हाडात अडकलाय. तीन थेंबांवरून तुम्ही तरी काय सांगणार! असं हरीण मरत नाही हो, आठवड्यात मक्यात चरताना दिसेल. मला पलीकडच्या घळीतून बोलावणं आलंय, तिथे फुफ्फुसाचं रक्त आहे. मी आधी तिकडे जाते. चालेल ना?"

"चालेल," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चाललं मात्र नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बासष्ट खरं असतं तर कॉरीनचं म्हणणं बरोबर होतं. ते खोटं होतं म्हणूनच हरीण मरत होतं, आत्ता, या क्षणी, ओढ्याकाठी कुठेतरी मान टाकत आणि उचलत. आणि मदत चालली होती दुसऱ्या घळीत. तोंडातून एक आकडा काढायचा, एवढंच काम होतं. त्याने फोनला हात लावला, काढून घेतला. अंगणात गेला. पश्चिमेला ढग आले होते. आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"कॉरीन, एक्केचाळीस."

"काय एक्केचाळीस?"

"माझा ताण. जुलैपासून."

"पण फळीवर तर..."

"फळीवर खोटं आहे."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "मग यकृतच," ती म्हणाली. "पिकलला गाडीत घालते. एकला पोचते. तोवर हलू नका."

फोन ठेवून तो वळला. आर्डिस हातावरचं पीठ झटकत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू शेडमागे अ‍ॅलन की घेऊन जायचास, तेव्हा या खिडकीतून मी काय ढग बघत होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"फळीवर नाव तुझं आहे, व्हर्लिन."

पिकलने तीन थेंब हुंगले आणि गळ्यातली दोरी ताणून निघाली. ओढा ओलांडला, परत अलीकडे आली, एका ठिकाणी घुटमळली, मग लाल काड्यांच्या झुडपांत शिरली. व्हर्लिनच्या छातीत श्वास मावेना. सव्वादोनला ती थांबली आणि तिचे कान उभे राहिले. पुढे बारा पावलांवर नर बसला होता. जिवंत. मान वर, डोळे उघडे, आणि उठायचं त्राण नाही.

"मी मागे सरते," कॉरीन कुजबुजली आणि कुत्रीला उचलून घेतलं.

भात्यात ड्वेनचे फाळ लावलेले तीन बाण होते आणि सवयीने ठेवलेला एक जुना, जड, दोन पात्यांचा. व्हर्लिनने तो काढला. एक्केचाळीसची दोरी गालापर्यंत आणताना खांद्यातून कळ गेली, पण हात हलला नाही. बाण आरपार गेला, दिसलाच नाही. नराने एक उडी मारली, चार पावलांवर कोसळला, आणि संपलं. दहा मोजेपर्यंत.

कॉरीनने पलीकडच्या चिखलातून बाण उपसला. अर्धा रुतला होता. "हा एक्केचाळीसनेच गेला ना?" तिने विचारलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. व्हर्लिन हरणाच्या मानेवर हात ठेवून गुडघ्यांवर बसला होता, आणि रडत होता.

"सात तास," तो म्हणाला. "माझ्यामुळे सात तास."

पाऊस आला तोवर हरीण शेडमध्ये टांगलेलं होतं. ओल्या कपड्यांतच त्याने फळी उतरवली, बासष्ट खोडला आणि एक्केचाळीस लिहिला. त्यापुढे लिहिलं: सात तास. ड्वेनला फाळ परत केले, तेही कारण सांगून.

पुढच्या सप्टेंबरात आम्ही नेहमीसारखे जमलो. व्हर्लिन रबरबँड ताणून बसला होता. हातावर केस नव्हते. फळीवरचं त्याने कोणाला वाचून दाखवलं नाही, कोणी विचारलंही नाही. पेन्सिल फिरू लागली. पाद्र्याने आपला साठ खोडून बावन्न केला. ड्वेनने पासष्टचा पन्नास केला आणि खाली बघत पेन्सिल पुढे दिली. त्या दिवशी त्या फळीवर खोडरबर लागलं ते सात जणांना, आणि त्यातला एक मी होतो.