खोलीचा आवाज

हेडफोनअण्णा व्हिडिओ डोळे मिटून बघायचे. पडद्यावर नवरी हार घालतेय, गिऱ्हाईक कौतुकानं बघतंय, आणि अण्णा खुर्चीत डोळे मिटून. नव्या माणसाला वाटायचं, झोपले. मग मध्येच बोट वर करायचे. "हितं भटजींचा माईक घासलाय." चित्राचं त्यांना फारसं काही नव्हतं. म्हणायचे, "चित्र बिघडलं तर माणूस डोळे बारीक करून बघतंय ओ. आवाज बिघडला की उठून जातंय."

अशोक चौकामागच्या गल्लीत त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. घरात तेलुगू, धंदा विणकरीचा. भावांनी माग धरले, ह्यांनी कॅमेरा. हेडफोन गळ्यात कायम, चहा पितानाही. म्हणून ते नाव.

मी चौथी शिकलेला. पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्या खडखडाटात निम्मे कान गेले. बायको शारदा गेल्या वर्षी वारली. फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज एकाच ठिकाणी उरला होता. ती शेंगाची चटणी कुटायला शिकवत होती, तेव्हा भिवंडीला दिलेल्या आमच्या लेकीनं मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ. सहा मिनिटांचा. लेक म्हणाली, "आबा, नेटवर चढवून ठेवू. फोनचा काय भरवसा?"

तो घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि हेडफोन काढून ठेवला.

"मामा, हे कुणी पाठवलं?"

"लेकीनं. घरच्या ग्रुपवर टाकलेला."

"मग ही मावशी न्हाई. मावशीची झेरॉक्स हाय. पाठवताना आवाज दाबला जातोय. मूळ आणा."

मूळ लेकीच्या फोनात, फोन भिवंडीत. मला राग आला. म्हटलं, "काम करायचं नसलं तर तसं सांगा की!" दिवाळीला लेक आली, तिचा फोन अण्णांच्या कॉम्प्युटरच्या मशीनला जोडला, तेव्हा कुठं काम सुरू झालं. तोपर्यंत दुकानासमोरून जाताना मी त्यांच्याकडं बघतही नव्हतो.

मग चूक मी केली. आमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा माग चालतो, सगळ्या व्हिडिओभर खडखड होती. म्हटलं, "ती काढून टाका." अण्णा म्हणाले, "काढतो, पण पस्तावाल." काढली. माझ्या कानाला हेडफोन लावला. शारदा ओरडत होती. "मीठ बेतानं घाल!" म्हणताना भांडायला उठल्यासारखी.

"ही कुणावर चिडलीय?" मी विचारलं.

"कुणावर न्हाई. माग तुम्ही काढला की. मावशी मागाच्या वरनं बोलत होत्या."

अख्खा जन्म आम्ही असंच मोठ्यानं बोललो. तो आमचा साधा आवाज होता. म्हटलं, "परत घाला."

दोन जागी रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा होता, तेवढाच कापला. कापलेल्या जागी मुका खड्डा पडला. तो भरायला अण्णा माईक घेऊन आमच्या घरी आले. शारदा बसायची तिथं मांडी घालून बसले. "शांत बसा मामा. खोलीचा आवाज घेतोय."

"एवढ्या खडखडाटात मी बोललो तर काय फरक पडतोय?"

"मला पडतोय की!"

मिनिटभर त्यांनी नुसता माग ऐकला. मी दोनदा खोकलो. दोन्ही वेळा त्यांनी डोळे वटारले.

व्हिडिओ तयार झाल्यावर लेकीला त्यावरचं आईचं नाव मोठ्या अक्षरात हवं झालं. मी म्हटलं, "झालेल्यावरच टाका." तर म्हणाले, "झालेल्यातनं परत बनवायचं न्हाई. दर खेपेला आवाजाचा एक पापुद्रा जातोय. मुळातनंच बनवायचं." आवाजाचा आकडा त्यांनी सगळ्यात वरचा ठेवला. "नेटवाले आपल्या हिशेबानं दाबतातच. आपणच आधी दाबून कशाला द्यायचा?" चढवल्यावर माझ्या फोनवर एकदा, हेडफोनवर एकदा, पूर्ण सहा मिनिटं ऐकला. मग मलाही ऐकवला. बत्ता खाली आला की शारदाच्या बांगड्या वाजत होत्या. माझ्या ह्या कानांनी त्या ऐकल्या. अण्णांनी कच्चं-पक्कं सगळं काम पेन ड्राइव्हवर भरून हातात दिलं. "हे मूळ. धुवायला टाकलेल्या सदऱ्यात ठेवू नका."

ह्या उन्हाळ्यात अण्णा दुकानातच गेले. हार्टचं होतं.

भेटायला गेलो तेव्हा अण्णांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "गावाचे आवाज जपले, मामा. स्वतःचा एक ठेवला नाही. कायम कॅमेऱ्याच्या मागं."

घरी येऊन आठवलं. लेकीला फोन करून पेन ड्राइव्हवर काय काय आहे ते कसं बघायचं विचारलं. ती म्हणाली, "सापडलं की वहिनींना फोनवरूनच पाठवा, आबा. उन्हात कशाला जाता?"

"दाबला जातोय," म्हटलं आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून वहिनींकडे चालत गेलो.

अण्णांच्याच मशीनला लावला. "शांत बसा मामा. खोलीचा आवाज घेतोय." मग माझं बोलणं, मग त्यांचं "मला पडतोय की!" पुढं नुसता माग, मध्ये माझा दोनदा खोकला.

पुढं काही नाही म्हणून मी बंद करायला हात केला. वहिनींनी मानेनं नको म्हटलं.

ह्या वेळी मी शांत बसलो.