उपाशीपोटी तुईया

आमच्या या बर्फाळ काइनू मुलखात तुईयाचं नाव निघालं की लोक अजूनही म्हणतात, "पोरगी चांगली होती, पण दम कमी पडला." मी स्की क्लबात सगळ्यांच्या स्कींना मेण लावायचो, त्यामुळे मला खरं काय ते ठाऊक आहे. हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तिच्या बापाने, एस्कोने, तिला एकदा शहरात तपासणीला नेलं. गाडी माझी होती. तोंडाला श्वास मोजणारा मुखवटा बांधून तिला चालत्या पट्ट्यावर पळवलं. तिथला माणूस खूश झाला. "हिचं शरीर चरबी झकास जाळतं," तो म्हणाला. "चरबी म्हणजे जाड ओंडके, तासन् तास धगधगतात. पण चढावर जोर लावायचा तर काटक्या लागतात, म्हणजे साखर. ती पोटात घालावीच लागते."

आम्ही जन्मभर लाकडं जाळून सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवणारी माणसं. नुसत्या ओंडक्यांनी भडका होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. एस्कोला मात्र फक्त ओंडके ऐकू आले.

दुसऱ्या दिवसापासून तुईयाची न्याहारी बंद झाली. काळी कॉफी प्यायची आणि स्की बांधून जंगलात निघायचं. राय धान्याची भाकरी, लापशी, जे काय ते परत आल्यावर, आणि तेही बापाच्या नजरेखाली.

"एस्को, पोर वाळत चाललीय," तिची आई ऐली म्हणायची.

"वाळू दे. हलकी झाली की चढ सोपा."

"अरे, तिची पाळी थांबलीय!"

"बरंच झालं, कटकट गेली."

तुईया ऐकायची आणि स्की बांधायची. तिला राष्ट्रीय संघात जायचं होतं, आणि बापाच्या शब्दाबाहेरही तिथला रस्ता असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

निवडीची शर्यत मार्चमध्ये आमच्याच डोंगरावर झाली. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी ज्याने त्याने आपल्या माणसाला गरम ब्लूबेरीचा रस द्यायचा, ही आमच्याकडची रीत. ऐली थर्मास घेऊन उभी होती. एस्कोने तो हिसकावला आणि सगळा रस बर्फात ओतला.

"आता साखर दिलीस तर सगळी मेहनत पाण्यात!"

तुईया आली ती पहिली, हात पुढे करूनच. बर्फावरचा जांभळा डाग तिला दिसला.

"बाबा, घोटभर तरी..."

"चरबीवर जा! चल, चल!"

चढाच्या मध्यावर तिचे पाय थांबले. वीज गेलेल्या घरासारखी ती नुसती उभी राहिली. रस पिऊन ओठ जांभळे झालेल्या पोरी एकेक करून तिला ओलांडून गेल्या. एस्को खालून ओरडतच होता.

संघ हुकला. पुढच्या हिवाळ्यात साध्या सरावात तिचं खुब्याचं हाड मोडलं. उपाशी राहून हाडं म्हातारीची झालीत, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तुईया कधी स्कीवर उभी राहिली नाही. एस्को क्लबात सांगत फिरला, "देवाने पोरीला शरीर दिलं, जिद्द द्यायला विसरला."

तो गेल्या शरदात वारला. दफनानंतर चर्चच्या दालनात कॉफी होती. तुईया काठी टेकत आली, बसली आणि खात राहिली. क्लबचे अध्यक्ष उठले. म्हणाले, "एस्कोने लेकीसाठी काय नाही केलं! सगळं दिलं."

तुईयाने तोंडातला घास गिळला.

"हो," ती म्हणाली. "खायला सोडून सगळं दिलं."

ऐलीने टेबलावर डोकं टेकलं आणि नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा रडली.