जंगलाचा खेळ आणि अक्काचे नियम

माझी थोरली बहीण विधवा होऊन आमच्याकडे कसबा बावड्यात राहायला आली, त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. दाजी जंगलखात्यात गार्ड होते. दाजीपूरच्या बाजूला, गाडीरस्ता संपल्यावर दोन तास चालत जावं लागे अशा जागी त्यांची चौकी होती आणि चौकीला लागून एक खोली. लग्नानंतरची अकरा वर्षं अक्का त्या खोलीत राहिली. मूलबाळ झालं नाही. दाजी पायाच्या जखमेनं गेले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर माझ्यात नव्हता. ती स्वयंपाकात माझ्या बायकोला मदत करी, माझ्या मुलीची वेणी घाली आणि उरलेला वेळ मागच्या दारात गप्प बसून असे.

मी मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. आणीबाणी उठली त्या वर्षी पावसानं असं ठाण मांडलं, की मुलींचं ठरलेलं शिबिर रद्द करावं लागलं. मुली हिरमुसल्या. मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, की वर्गात बसून खेळता येईल असं काहीतरी करा, रानात गेल्यावर माणसानं कसं निभवायचं ते त्यातून कळलं पाहिजे. मी जाड पुठ्ठ्यावर जंगल काढलं. चार मुली घाटमाथ्यावर वाट चुकल्यात आणि सात दिवसांत त्यांना खालच्या गावात पोचायचंय, असा खेळ. फासा टाकायचा आणि सोंगटी पुढे सरकवायची. वाटेत गवा, बिबट्या, नाग, फुगलेला ओढा. शिदोरी म्हणून प्रत्येकीला दहा चिंचोके, दर दिवसाला एक खर्च. चित्रं चांगली जमली होती. गव्याचा तर मला अभिमानच वाटत होता.

शाळेत न्यायच्या आधी एका रविवारी दुपारी मी, बायको आणि मुलगी खेळायला बसलो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. अक्का भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. बघता बघता आम्ही सहाव्या दिवसावर आलो. बायकोची सोंगटी बिबट्यानं खाल्ली, मुलगी टाळ्या पिटायला लागली, तेवढ्यात अक्का खाली बघतच म्हणाली, "सहा दिस झालं, एकीनंबी हात धुतला न्हाय."

मला वाटलं थट्टा करतेय. मी म्हटलं, अगं खेळ आहे हा. त्यावर ती सूप बाजूला ठेवून पुठ्ठ्याजवळ सरकली. तिनं एकेका चित्रावर बोट ठेवलं. करवंदं पावसाळ्यात कुठली, असं विचारलं. गवा आपणहून अंगावर येत नाही, त्याची वाट सोडली की तो जातो, हे सांगितलं. अकरा वर्षांत बिबट्या तिनं दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा पाठमोरा. मग म्हणाली, "रानात माणूस वाघानं मरत न्हाय. पोट बिघडून मरतंय, पाय सडून मरतंय. त्ये कुठं हाय ह्यात?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कागद घेऊन तिच्यापाशी बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. परसाकडेला जायचं ते ओढ्याच्या खालच्या अंगाला, वरच्या अंगाला गेली तर सगळ्यांनी दोन घरं मागं. खायच्या आधी राखेनं हात घासले नाहीत तर पुढच्या डावात जुलाबाची चिठ्ठी. रोज दिवस मावळायच्या आत पायाची बोटं कोरडी करायची. नेसूचा एक जोड कायम कोरडा ठेवायचा, कितीही भिजलं तरी त्याला दिवसा हात लावायचा नाही. जळू मीठ लावून काढायची, ओढून काढायची नाही. म्हणून मीठही जपून वापरायचं. इतकी वर्षं जिच्या तोंडून एका वेळी दोन वाक्यं निघत नव्हती, ती त्या आठवड्यात रोज तास तासभर बोलत होती. बायकोनं मला हळूच सांगितलं, तिला थांबवू नका.

पाण्यापाशी आल्यावर मी चूक केली. पाण्यासाठीही चिंचोके ठेवायचे, आणि तेही थोडेच, असं मी म्हणालो. अक्का म्हणाली, "आषाढात दाजीपुरात पाण्याला काय तोटा? तोटा वाळल्या लाकडाचा. पानी उकळायचं कशावर?"

त्याप्रमाणे मी नियम लिहिला. प्रत्येकीकडे रोज एक पातेलं उकळता येईल एवढंच कोरडं लाकूड. ते पाणी प्यायचं तरी, नाहीतर जखम धुवायची तरी. बिनउकळलेलं पाणी प्यायलं तर ताप, त्यानं जखम धुतली तर पाय पिकणार. पायाला जखम होऊन ताप भरल्याची एक चिठ्ठीही केली. हे सगळं अक्कानं सांगितलं तसंच होतं, पण सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढच्या रविवारी आम्ही नवा खेळ मांडला. या वेळी अक्काही खेळायला बसली. तिसऱ्या दिवशी मुलीला जखमेची चिठ्ठी आली. तिच्यापुढे पाण्याचं एक पातेलं होतं. तिनं क्षणभरही विचार केला नाही, पाणी प्यायला वापरलं. अक्कानं विचारलं, "जखम न्हाय धुवायची?" मुलगी सहज म्हणाली, "आत्ती, तापात पाणी पाणी करणाऱ्या माणसाला सोडून पाय कोण धुईल?" दोन डावांनी तिचा पाय पिकला आणि सोंगटी बाहेर गेली. माझ्याच नियमानं मी ती उचलून पुठ्ठ्याच्या कडेला ठेवली.

अक्का उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी गेलो. ती धुण्याच्या दगडावर बसली होती. मी शेजारी उकिडवा बसलो, आणि तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं.

त्या आषाढात वाटेवर झाड पडलं होतं. ते तोडताना दाजींच्या पावलावर कोयता बसला. ओढे चढलेले, वाट बंद. दुसऱ्या दिवशी ताप भरला. चुलीशी होतं तेवढं कोरडं लाकूड दिवसाला एका पातेल्यापुरतं. ते पाणी तिनं दाजींना पाजलं, त्यातच थोडी पेज करून दिली, आणि जखम पागोळीच्या पाण्यानं धुतली. पाचव्या दिवशी पाऊस जरा उघडला तसं वरच्या वाडीवरच्या धनगरांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं. कोल्हापूरला पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उकळलेल्या पाण्यानं धुतली असती जखम तर. ती बाई वाईट नव्हती, बोलून गेली. दोन दिवसांनी दाजी गेले.

मी म्हणालो, अक्का, तू तरी काय करणार होतीस. ती म्हणाली, "त्येचं न्हाय मला." पदरानं हात पुसत राहिली, हात ओले नसताना. "लाकडाच्या खोपीचं छप्पर गळत व्हतं. वैशाखात मी ह्यास्नी तीनदा सांगितलतं, शाकारून घ्या. उद्या, उद्या म्हनत ऱ्हायलं. ढीगभर लाकूड व्हतं आमच्याकडं. सगळं भिजलं." एवढं बोलून ती रडली नाही. म्हणाली, "मेलेल्या मानसाला बोल लावायचा न्हाय म्हनून गप बसले. पन राग येतोय मला अजून. ह्यांचा."

पावसाची भुरभुर चालू होती. दोघंही भिजत बसलो. शेवटी मी विचारलं, की शाकारायची चिठ्ठी खेळात घालू का. ती घाल म्हणाली, पण पहिल्याच दिवशी, पाऊस लागायच्या आधी. वाळलेलं गवत मिळेल, पानांचा आडोसा करून त्यावर घालता येईल, पण त्यासाठी एक डाव थांबावं लागेल. थांबली तिचं लाकूड कोरडं राहील, तिला रोज दोन पातेली पाणी.

शाळेत हा खेळ मुलींनी आधी नाकारलाच. बिबट्या एकदाही खात नाही आणि नुसतं हातपाय धुवायचं, ह्यात मजा कसली, असं त्यांचं म्हणणं. परसाकडेच्या नियमावर तर हसून हसून वर्ग डोक्यावर घेतला. मोठ्या बाईंनी तो शब्द बदला म्हणून सांगितलं. मी बदलला नाही, त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही. हळूहळू मुली रमल्या. बहुतेक सगळ्या पहिल्या दिवशी आडोसा करायला थांबायच्या नाहीत. सोबतिणी पुढे निघालेल्या दिसत, आणि पाऊस तर अजून पडतच नसे. चौथ्या दिवशी पुढ्यातल्या एकाच पातेल्याकडे बघत बसत. अक्काला मी हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ल्हान हायत. ह्ये तर पन्नाशीचं व्हतं." आणि हसली. दाजींवरून तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यानंतर ती त्यांच्याबद्दल बोलू लागली, चांगलं आणि वाईट दोन्ही. ते बांबूचा पावा फार सुरेख वाजवत, हे मला बहिणीच्या लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर कळलं.

पुढच्या वर्षी दाजीपूरच्याच पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आयाची जागा निघाली. मी नको म्हणत होतो, बायको म्हणाली जाऊ द्या. अक्का गेली. तिथं तिनं तेरा वर्षं काढली. वैशाख लागला, की सुट्टीच्या दिवशी ती वाड्यावस्त्यांवर फिरायची आणि लोकांच्या लाकडाच्या खोपी बघायची, असं तिथल्या नर्सबाईंनी मला सांगितलं. कुणाची गळती दिसली, तर शाकारायला गवत आणेपर्यंत ती त्यांच्या दारातून हलायची नाही. लोक वैतागायचे, चहा पाजायचे, आणि शेवटी शिडी लावायचे.